कंपनी फिटिंग

"कंपनी फिटिंग म्हंजी कंपनी फिटिंग," हौशीराम म्हणाला आणि आगीच्या ज्वाळांचे स्टिकर बायकोच्या हातातून काढून घेऊन खोक्यात परत टाकले.

सुवर्णाला ते स्टिकर फार आवडले होते. एवढी साधी गाडी कोण बघणार, असं तिचं म्हणणं. पण हौशीराम ऐकतो कसला. खोक्यावर गाडीची तीन रूपं छापली होती. एक शर्यतीची, एक नटवलेली आणि एक कंपनीतून निघाली तशी. तिसरीवर बोट ठेवून तो पहिल्या दिवसापासून अडून बसला होता.

गाडी प्लॅस्टिकची, सुटे भाग जोडून करायची, वीतभर, अमेरिकेतल्या कुठल्या तरी जुन्या मॉडेलची. खोकंही जुनंच, कडा पिवळ्या पडलेलं. त्यांच्या पोरानं, ज्ञानेशनं, ते लग्नाआधी पुण्यातल्या जुन्या बाजारातून हौसेनं आणलं होतं. लग्न झालं आणि ते कपाटावरच राहिलं. आता दवाखान्यातून पोरगा घरी आल्यावर, त्याच्या हाताला काम द्या असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हौशीरामला त्याची आठवण झाली. शेवंतीची तोडणी बायांवर सोडून तो रोज दुपारी पडवीत पोरासमोर फतकल मारून बसायचा. इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावरची चित्रं बघून बघून तो या कामात मुरला होता.

ज्ञानेश प्लॅस्टिकच्या सांगाड्यातून नेलकटरनं एकेक भाग तोडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, गम लावायचा. काम सुरेख करायचा. बोलायचा मात्र नाही. दिवाळीच्या तोंडावर हायवेवर टँकरनं त्याच्या गाडीची डावी बाजू चेपली, तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जीभ, घसा, डोकं, सगळं तपासून झालं होतं. सगळं शाबूत होतं.

डावीकडं त्याची बायको बसली होती, करिश्मा. तो शुद्धीवर आला तोवर तिचं दहावं-तेरावं सगळं उरकलं होतं. पोराला सोसणार नाही म्हणून घरच्यांनी ती माहेरी, केंदूरला असल्याचं सांगितलं. आज खरं सांगू, उद्या सांगू, करता करता ते खोटं घरात रुळलं. सुवर्णा तर त्यात रोज भर घालायची. करिश्माच्या आईचे गुडघे धरलेत, त्यांच्याकडं कांदा काढायला आलाय, करिश्माला सर्दी झालीय. आजही चहा टाकायला उठता उठता तिनं केंदूरहून फोन आल्याचं मोठ्यानं सांगितलं आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

ज्ञानेशनं कधी काही विचारलं नव्हतं. विचारत नाही तेच बरं, असं दोघं एकमेकांना म्हणायची.

हौशीरामनं मनाशी एक धरलं होतं. गाडी जशी कंपनीतून निघाली तश्शी झाली, की पोरगाही पहिल्यासारखा होईल. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण जास्तीचा एक स्टिकरसुद्धा त्याला चालणार नव्हता, तो त्यामुळं.

आज स्टेरिंगची पाळी होती. ज्ञानेशनं ते नखाएवढं चाक चिमट्यात धरलं आणि उजवीकडं टेकवलं. तिथं भोकच नव्हतं. त्यानं पुन्हा तिथंच टेकवलं.

हौशीरामला हसू आलं. गाडीतलं पोराला न कळलेलं आपल्याला कळतंय, याची त्याला गंमत वाटली. कागद फिरवून त्यानं चित्र पुढं केलं.

"आरं, अमेरिकेची हाय ती. तिकडं डायवर डाव्या अंगाला बसतो, आन् बायकू उजव्या."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. चहा घेऊन आलेली सुवर्णा दारातच थांबली.

ज्ञानेशच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यानं डावीकडच्या भोकात गमाचा थेंब सोडला, चाक बसवलं आणि वरून बोटानं दाबून धरलं. हौशीरामचा जीव भांड्यात पडला. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, गम वाळंस्तवर बोट हलवू नको.

हायवेवरून गाड्या जात होत्या. ज्ञानेश मान खाली घालून त्या दोन रिकाम्या सीटांकडं बघत होता. आधी डावी, मग उजवी. मग परत डावी. त्यानं घसा खाकरला.

"आबा, ह्या गाडीत करिश्मा वाचली असती."

आवाज चांगला खणखणीत होता, अगदी पहिल्यासारखा. या आवाजासाठी हौशीरामनं किती देवांना हात जोडले होते. आता तो कानांवर आला आणि आपण बहिरे असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सुवर्णानं सवयीनं तोंड उघडलं. केंदूरचं काहीतरी सांगायला हवं होतं. पण ती चहाचे कप घेऊन तशीच उंबऱ्यात खाली बसली.

चहावर साय धरली. पोराला पोटाशी धरावं असं हौशीरामला फार वाटलं, पण मधे ती गाडी होती आणि गाडीवर ज्ञानेशचा हात होता.

"वाळला गम," शेवटी तो म्हणाला. "काढ बोट, बाळा."

ज्ञानेशनं बोट काढलं नाही.