वर्षभर ओढलेला दगड

२१३८ सालची गोष्ट. कोकणाच्या रोखानं निघालेल्या एका लघुग्रहाशेजारी कुमुद मयेकरचं जहाज वर्षभर तरंगत होतं. ना दोर, ना साखळी. जहाजाचं वस्तुमानच आपल्या ओढीनं त्या डोंगराएवढ्या दगडाला तिळातिळानं वाटेवरून हटवत होतं. एका सकाळी, दगड किती हटला ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा फारच हळू सरकू लागला.

"एकनाथ, जहाजातलं काही टाकलंस?" कुमुदनं आपल्या नवख्या मदतनिसाला विचारलं.

"भरलेले दगड, ताई. इंधन वाचेल म्हटलं."

"अरे शहाण्या, त्या वजनाचीच तर ओढ होती! आता चौथा हिस्सा उरली."

तिकडे कोकणात, देवबागेत कुमुदची आई घर सोडायला तयार नव्हती. कुमुदनं पडद्यावर दगडापासूनचं अंतर तपासलं. मग ती म्हणाली, "जवळ घे. त्याच्या मध्यापासूनचं अंतर निम्मं केलं, की ओढ चौपट."

"आदळू ना!"

"हळू घे. मी आहे."

दुपारी आकडा पूर्वीसारखा सरकू लागला, तेव्हा एकनाथ ढसाढसा रडला.

पुढे तो नवख्यांना हेच गणित शिकवू लागला. कुमुद निवृत्त होऊन देवबागेला परतली. लघुग्रह पृथ्वीला चुकवून गेला त्या संध्याकाळी आईला तो पडवीतून ठिपक्याएवढा दिसला.

"एवढ्याशासाठी मला घर सोडायला सांगत होतात?" ती म्हणाली, आणि त्याच घरात आणखी नऊ वर्षं जगली.