पाचजणींचा दंगा

इंजिनियरिंगला गेलेल्या लेकीला होस्टेलवर आठवडा झाला, तरी पंखे दुरुस्त करणाऱ्या बाबांचा फोनवरचा उलटतपास काही संपेना.

"मैत्रिणी झाल्या का?"

"ढीगभर! रोबोट क्लबातल्या पाचजणी आत्ताही खोलीत बसल्यात. नुसता दंगा चाललाय."

"अस्सं. आणि जेवतेस कुणाबरोबर?"

"त्यांच्याचबरोबर. बाबा, तुम्ही ना, उगाच शंका काढत बसता!"

बाबा कान देऊन काहीतरी ऐकत राहिले.

"तुझ्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय," शेवटी ते म्हणाले.

"इतक्या लांबून कसं कळलं तुम्हाला?"

"पाचजणींच्या दंग्यातसुद्धा त्याची कुरकुर स्वच्छ ऐकू येतेय, बाळा. उद्या येतो मी, तेल घालायला."