संध्याकाळची नावं

"आपलं?" बख्तभरीनं विचारलं.

"आज नाही," सुभेदार मेहदी खान गच्चीचा जिना उतरता उतरता म्हणाला. "रेशमजानच्या मजहरचं आलं."

बख्तभरीनं पुढ्यातली थाळी बाजूला सारली. भाकरीचा एक कोपरा तेवढा मोडलेला होता. "जा मग, सांगून या तिला. केव्हाची कान लावून बसली असेल."

ढाका पडून तीन महिने झाले होते. तिकडे कैद झालेल्या फौजींची नावं दिल्लीचा रेडिओ संध्याकाळी वाचून दाखवी. नाव, बापाचं नाव, गाव आणि खुशालीचा निरोप. सुभेदार ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर जाई आणि त्या खरखरीला कान चिकटवून बसे.

दुश्मनाचा रेडिओ ऐकणं पेन्शनर फौजींच्या गावाला शोभणारं नव्हतं. म्हणून ऐकायचं एकट्या सुभेदारानं आणि विश्वास ठेवायचा गावानं, अशी वाटणी आपसूक झाली होती. गुन्हा एकाच्या नावावर, दिलासा सगळ्यांच्या.

लंबरदार फतेह शेर गावचा मुखिया, त्यामुळे टोमणा मारणं त्याला भागच होतं. "काय सुभेदारजी, जन्मभर सरकारचं मीठ खाल्लंत, आणि म्हातारपणी दिल्लीचं तोंड गोड लागायला लागलं?"

"आपला रेडिओ तर ढाका पडला त्या सकाळपर्यंत आपल्याला जिंकवत होता," सुभेदार म्हणे. "तुझा पुतण्या जिवंत आहे हे तुला कुणी सांगितलं, लंबरदार? लाहोरच्या पेपरानं?"

लंबरदार हुक्क्याकडे वळे. पुतण्याचं नाव सगळ्यात आधी आलं होतं, आणि मागाहून त्याच्या हातचं रेडक्रॉसचं कार्डही आलं. त्या एका कार्डावर सुभेदाराची पत गावभर चालत होती.

तरी कुणीतरी शंका काढीच. मग उत्तर लंबरदारच देई. "अरे, खोटं सांगायचं असतं तर माणूस आधी स्वतःच्या घरात सांगेल ना? याच्या पोराचं, सफदरचं नाव अजून नाही आलं. बायकोची काठी झालीय. तरी हा दुसऱ्यांच्या दारात मुबारक द्यायला जातो."

हा हिशेब सगळ्यांना पटे.

रेशमजान तंदूरपाशी होती. पोटुशी सून भिंतीला टेकून बसली होती. सुभेदार उंबऱ्यातच थांबला.

"मुबारक, रेशमजान. मजहर खान, वल्द अल्लादाद. खुशाल आहे. फिकीर करू नका म्हणाला."

सून तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. रेशमजान रडली नाही. पिठाचे हात तसेच धरून ती सुभेदाराकडे बघत राहिली.

"परत एकदा सांगा, सुभेदारजी. हिला नीट ऐकू दे."

त्यानं परत सांगितलं. तिनं हात पुसले आणि त्याच्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. "अल्ला तुमचीही झोळी भरो."

गव्हाला पिवळेपण आलं. सुभेदार आणखी दोन दारांत मुबारक देऊन आला. घरी मात्र तोच सवाल, तेच उत्तर. बख्तभरी आता बाजेवरून उठत नव्हती. हकीम येऊन नाडी बघून गेला. "औषध कशावर देऊ? पोटात घास तर गेला पाहिजे."

"सफदर जेवला का ते कळू दे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मग जेवते."

"तो फौजी आहे. उपाशी राहायचा नाही."

"तुम्ही ऐकलंत?"

सुभेदारानं ट्रान्झिस्टर उचलला आणि तो गच्चीचा जिना चढू लागला.

रेशमजानची सून बाळंत झाली, मुलगा झाला. नातवाचा गूळ घेऊन रेशमजान माहेरी भावाकडे गेली, आणि परत आली ती आपल्या घरी न जाता सरळ सुभेदाराच्या अंगणात. चादरीवर रस्त्याची धूळ होती.

"ऊठ, बख्तभरी. मुबारक. काल भावाकडे दिल्ली लागली होती. सफदर खान, वल्द सुभेदार मेहदी खान. हाताला जखम होती, भरली म्हणाला. अम्मीनं पोटभर जेवावं म्हणाला."

बख्तभरी कोपरावर उठून बसली. "कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मग जेवता येत असेल," बख्तभरी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं भाकरी मागितली, आणि ताकात बुडवून अख्खी खाल्ली. दुसरी मागताना नवऱ्यावर खेकसलीही, "लोकांच्या पोरांची नावं बरी ऐकू येतात तुम्हाला!"

सुभेदार हसला, आणि हसता हसता त्याची दाढी भिजली. इतक्या दारांत मुबारक देऊन आलेल्या माणसाला, मुबारक घेताना काय म्हणायचं ते आठवेना. रेशमजान निघाली तसा तो अनवाणीच तिच्या मागोमाग गल्लीत आला.

"किती वाजता गं? मी पण काल गच्चीवरच होतो. खरखरीत निसटलं असणार. बाईचा आवाज होता की बाप्याचा? आज परत वाचतील?"

रेशमजान थांबली. मागे वळून तिनं दार लोटलेलं आहे ना ते बघितलं.

"सुभेदारजी, भावाच्या गावचा एक जखमी पोरगा ढाका पडण्याआधीच घरी पोचला होता. माझ्या मजहरची कबर त्यानं स्वतःच्या हातानं खणलेली. तुम्ही मुबारक द्यायला आलात तेव्हा ते मला कळून दोन महिने झाले होते. सुनेला मी सांगितलं नव्हतं. तुमच्या शब्दावर ती जेवली, बाळंत झाली. मग एकदा मीही रेडिओ ऐकायला नको?"