उजवा डोळा

खंड्या समोरच्या खुंटावर येऊन बसला, तसा चष्मेवाल्याने श्वास रोखून कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. पुन्हा तेच. कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतून दिसला तो नुसता निळा डाग, कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

त्याने बटण दाबलं. खटखटखट असा आवाज झाला आणि खंड्या उडून गेला.

"मिळाला?" बायकोने विचारलं. ती मागे चटईवर बसून शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत होती. सुट्टीच्या सकाळी तलावावर यायला ती तयार झाली, ती एका अटीवर: तिच्याशी कुणी पक्ष्यांबद्दल बोलायचं नाही. अट पहिल्यांदा तिनेच मोडली होती.

"मिळाला असेल."

त्याने मागच्या पडद्यावर फोटो बघितला. खंड्या तिरका आला होता, शेपटी कापली गेली होती, पण चोचीची धार लख्ख दिसत होती. कॅमेरा उत्तम, म्हणजे डोळा वाईट.

कॅमेरा घरात आल्यापासून हे चाललं होतं. वडिलांचा उजवा डोळा याच वयात गेला होता. एकदा आपल्या चष्म्याच्या दुकानात कुणी नाही असं बघून त्याने डावा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचून बघितला. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिला. तो तक्ता त्याला उलटाही पाठ होता. बाहेरच्या पाट्यांचंही तेच. ज्या गल्लीत उभा जन्म गेला, तिथे पाठ नसलेलं काही वाचायलाच मिळेना. डोळ्यांचे डॉक्टर समोरच्याच फुटपाथवर होते; पण चष्मेवालाच डोळे दाखवायला आला, ही बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

खंड्या परत आला. या वेळी त्याने कॅमेरा उचललाच नाही.

"अहो, बसलाय तो," बायको कुजबुजली.

"बसू दे."

"आल्यापासून त्या डब्याला तान्ह्या बाळासारखं कुशीत घेऊन फिरताय, आणि आता म्हणे बसू दे." तिने पेपर बाजूला ठेवून त्यांवर दगड ठेवला. "द्या इकडे. मी काढते."

त्याने पट्टा तिच्या गळ्यात घातला. तिने डोळा लावला, मान मागे घेतली, पुन्हा लावला.

"हे काय? सगळं धुरकट आहे."

"काय म्हणालीस?"

"धुरकट. काच पुसलीत का कधी?"

"तुला धुरकट दिसतंय?" चष्मेवाल्याचा आवाज चिरकला. "नीट बघ. घाई करू नकोस. खरंच धुरकट?"

"अहो, खोटं कशाला बोलू? वाफ धरलेल्या आरशासारखं दिसतंय."

तिला उचलून गरगर फिरवावं असं त्याला वाटलं. गळ्यात कॅमेरा होता म्हणून त्याने मोह आवरला. तिच्या हातातच त्याने कॅमेरा वळवून पाहिला. खिडकीच्या कडेला वाटाण्याएवढं दातेरी चाक होतं. पहिल्याच दिवशी मऊ फडक्याने पुसता पुसता आपणच ते फिरवलं असणार. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलणाऱ्या माणसाला ते खिडकीची काच डोळ्याच्या नंबराशी जुळवायचं चाक आहे, हे कुणी सांगायला नको होतं. पण तो इतके दिवस कॅमेरा बघतच नव्हता, स्वतःचा डोळा बघत होता.

"डोळा लाव," तो म्हणाला आणि चाकावर बोट ठेवलं. "आता बरं, की आधी बरं?"

"आता."

"आणि आता?"

"अगंबाई." ती हळूच म्हणाली, "पाय लाल आहेत हो त्याचे. पोटावरचं पीसन् पीस दिसतंय."

"दे, दे इकडे."

"थांबा हो जरा." डोळा न काढताच तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून असं दिसत होतं?"

"आणल्यापासून."

"मला बोलला नाहीत."

"त्यात बोलण्यासारखं काय होतं?"

तिने कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्या उजव्या डोळ्याकडे क्षणभर बघितलं. सासऱ्यांच्या डोळ्यात शेवटपर्यंत औषध तिनेच घातलं होतं. तिने पट्टा काढून त्याच्या गळ्यात अडकवला.

"घ्या. नीट काढा आता."

त्याने चाक आपल्या डोळ्याला जुळवून घेतलं आणि अख्खा तलाव त्या खिडकीत येऊन उभा राहिला. खुंटाच्या भेगा. भेगांतलं ओलं शेवाळ. खंड्या मान खाली घालून पाण्यात रोखून बघत होता आणि त्याच्या डोळ्यात उन्हाचा ठिपका होता. चष्मेवाल्याने कोपरं पोटाशी घट्ट दाबली. खंड्या सुटला, तसं त्याने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

मग पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. रिकामा खुंट. पुन्हा रिकामा खुंट. पंखाचं टोक. आणि मग नुसतं पाणी: वर उसळलेलं, गोल, प्रत्येक थेंब सुटा, प्रत्येक थेंबात ऊन.

"हा बघ," तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलून आला होता. "हा मोठा करून दुकानात लावणार."

"यात खंड्या कुठाय?"

"पाण्याखाली."

ती हसली नाही. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून तिने त्यावर तळहाताचा आडोसा केला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली आणि खंड्या वर यायची वाट बघावी, तशी दोघं त्या थांबलेल्या पाण्याकडे बघत राहिली.