वर ओठ असलेलं ऑर्किड

“घरच्या बागेत उमललेल्या एका फुलावर नवी प्रजाती उभी करू नये, म्हणे,” तिनं पर्स खुर्चीत टाकली. “भर सभेत. मी म्हटलं, सर, तुम्हाला आता जिना चढवत नाही, जंगलात जाऊन तपासणार कोण? सगळे हसले.”

नवरा टेबल पुसत होता. इथे हसायचं असतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. कधीच येत नसे. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. बशी फुटली तरी तुकडे वेचण्याआधी तिच्या तोंडाकडे बघणारा. ऑर्किडवर हयात घालवलेल्या बाईच्या घरात राहून तो जेमतेम झाडांना पाणी घालायला शिकला होता. तेही ती दौऱ्यावर गेली की.

सरांचं तर संपलंच होतं. तिला भिंग धरायला शिकवणारा हात आता थरथरायचा. तिचा लेख आज छापून आला होता. वनस्पतीचं नाव एकदा छापलं की पुसता येत नाही. चुकीचं ठरलं तरी ठेवणाऱ्याच्या आडनावासकट ते पुढच्या प्रत्येक ग्रंथात येत राहतं. हेही ती सरांना सुनावून आली होती.

त्या फुलात एवढं नवीन काय, असं नवऱ्यानं विचारलं. पहिलीतल्या पोराला समजावावं तसं तिनं सांगितलं. ऑर्किडच्या मोठ्या पाकळीला ओठ म्हणतात. कळीत तो वर असतो. उमलताना देठ अर्धा पीळ घेतो आणि ओठ खाली येतो. तिच्या फुलाच्या देठाला पीळच नव्हता. ओठ वर. सगळं वेगळेपण तेवढंच.

“पण खाली कुठे, ते कळीला कसं समजतं?”

“जमिनीच्या ओढीनं. तुझ्यापेक्षा जास्त समजतं तिला.”

फडकं थांबलं. ते झाड ज्या लाकडी फळीवर बांधून टांगलं होतं, तिची कडी ती दौऱ्यावर असताना निखळली होती, तो हळूच सांगू लागला. दुसरं भोक खालच्या टोकाला होतं. त्यातून तार ओवून त्यानं फळी उलटी टांगली. कळ्या तशाच वाढल्या, तशाच उमलल्या.

“मी आले तेव्हा फळी सरळ होती.”

“तू येणार त्या सकाळी केली ना सरळ,” तो म्हणाला. “म्हटलं, बघितलंस तर माझी अक्कल काढशील.”