शिवलकरांचा फेटा

फेटा बांधायचा तर आधी टोपी काढावी लागते, हे सत्कार करणाऱ्या मंडळातल्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. हवालदार श्रीपती शिवलकरांच्याही नाही. त्यांनी सवयीने टोपी काढली, काखेत धरली आणि मान थोडी खाली घातली.

सभागृह गप्प झालं. पंखे तेवढे करकरत राहिले.

रत्नागिरीत शिवलकरांना टोपीशिवाय ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनी आपल्याच अंगणात पाहिलं होतं. हायवेवरचा अपघात असो की खाडीत उलटलेली होडी, घरी कळवायला जायचं काम ठाण्यातले बाकीचे टाळत, आणि टाळलेलं काम फिरून शिवलकरांकडे येई. फोन करून मोकळे व्हा, असं साहेबसुद्धा सांगत. शिवलकरांचं म्हणणं, फोनवर माणूस एकटाच ऐकतो. मग ते पालीला जात, राजापूरला जात, फाटकाशी टोपी काढत, सांगायचं ते सांगत आणि शेजारी जमेपर्यंत पडवीत बसून राहत. सत्कार याच सेवेचा होता.

त्यांचं स्वतःचं म्हणाल, तर महिनाअखेरीला निवृत्ती, पोलीस लाईनीतली खोली सोडायची, आणि मागेपुढे कोणी नाही. निवृत्त शिक्षिका मालिनीबाईंच्या परसातली खोली रिकामी होती. शिवलकरांनी विचारून ठेवलं होतं. कार्यक्रम होऊ दे, मग सांगते, असं बाई म्हणाल्या होत्या. खरं तर या उत्तरासाठीच ते आज आले होते, शाल-श्रीफळ ओघाने.

सत्काराची कल्पनाही बाईंचीच. मानपत्र त्यांनीच लिहिलेलं, आणि त्यात 'आपल्या घरातलाच माणूस' हे शब्द दोनदा होते. त्याच बाई आता तिसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा जहाजावर होता.

"हर्षद?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"फेट्यासाठी हो, बाई," शिवलकर घाईने म्हणाले. "फेट्यासाठी काढली."

लोक हसले. जरा जास्तच हसले. अध्यक्षांनी फेटा चढवला आणि प्रसंग सावरायला म्हणून भाषणात सांगून टाकलं, की असा माणूस प्रत्येक दारात पोचला पाहिजे. टाळ्या पडल्या, पण थोड्या थांबून.

नंतर चहा आणि बटाटवडे झाले. येणारा-जाणारा लांबूनच हात जोडत होता, तुमच्यासारखे तुम्हीच म्हणत होता. निघताना 'या हो घरी' म्हणायला या गावात कोणी कंजुषी करत नाही. आज तेवढंच कोणी म्हटलं नाही.

मालिनीबाई बशी घेऊन आल्या. शिवलकरांनी खोलीचा विषय काढला नाही. बाईंनीच काढला.

"खोली तशी मोकळीच आहे," त्या म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी तुम्ही फाटक उघडणार."

"आता वर्दी नसेल, बाई."

"हे गेले तेव्हा तुम्हीच आला होतात ना? तुमची पावलं ओळखते मी." त्या बशीकडे बघत होत्या. "माझ्याच्याने नाही हो व्हायचं."

"बरोबर आहे," शिवलकर म्हणाले. त्यांनी वडा पूर्ण खाल्ला. चटणी छान झाल्याचंही सांगितलं.

बाहेर नाक्यावर एकच रिक्षा उभी होती. आत गाणं मोठ्याने लागलेलं. शिवलकर समोर आले तसा रिक्षावाला सरळ बसला. डोक्यावरचा गुलाबी फेटा त्याला दिसत होता, तरी त्याने गाणं बंद केलं.

"हवालदारांनू," त्याने हळूच विचारलं, "कोणाकडे?"

शिवलकर आत बसले. शाल मांडीवर घेतली.

"लाईनीत सोड," ते म्हणाले. "कोणाकडेच नाही."