चेहऱ्याची सक्ती

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसायला घेतला, तशी वकीलबाईंनी समोरची फाईल मिटली. हरलो तर घरी लेकीला काय तोंड दाखवायचं?

कायदा साधा होता. गप्पांच्या ॲपवर येणाऱ्या प्रत्येकानं कॅमेऱ्याला चेहरा दाखवून वय सिद्ध करायचं. सोळाच्या आतल्यांना दार बंद. तो लागू झाला आणि तेरा वर्षांच्या लेकीची एकुलती एक मैत्रीण तुटली. 'खारूताई' एवढंच तिचं नाव, भेट काय ती ॲपवरचीच. तेव्हापासून पोरीची अन्नावरची वासना उडाली होती. ती जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, या धास्तीनं बाई उठून उठून तिचा श्वास ऐकत.

शेजारी हात जोडून बसलेले काका म्हणजे त्यांचे अशील, निवृत्त ग्रंथपाल. एवढे वकील सोडून ते नेमके बाईंचाच जिना चढून आले होते. नातीसाठी लढतोय म्हणाले. चेहरा मागणं म्हणजे परक्यानं घरात शिरणं, हे त्यांचंच वाक्य आज बाईंनी कोर्टात वापरलं होतं. स्वतः बापडे साधा फोनही चाचपडत लावायचे. त्यांच्यापुढे बाईंनी लेकीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. जिभेचा पट्टा कोर्टात कितीही सुटला, तरी अशिलाला घराचा उंबरा दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

न्यायमूर्तींनी चष्मा चढवला आणि कायद्याला तूर्त स्थगिती दिली. काकांनी डोळे टिपले.

संध्याकाळी लेकीच्या खोलीतून हसू ऐकू आलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. दारातूनच त्यांनी खारूताईची खुशाली विचारली.

"मजेत आहे. अगं, माझ्या खिडकीची कडी मोडलीय. तुला सांगायचं राहूनच गेलं, तिलाच आधी सांगितलं."

"बरं बाई, आता तीच तुझी सख्खी," म्हणत बाई कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या. पोर जेवायलाही आपणहून उठली.

ताटं मांडताना फोन वाजला. काका होते. त्यांनी तोंडभरून आभार मानले, नात नुसती नाचतेय म्हणाले. बाईंनी, आता निवांत झोपा, असं त्यांना सांगितलं.

"तुम्हीही झोपा," काका मायेनं म्हणाले. "फक्त लेकीच्या खिडकीची कडी तेवढी बसवून घ्या. दिवस चांगले नाहीत."